म्हशींच्या आवाजामागचं नाव

ब्राह्मीताई मगदूम निपाणीतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत. मी त्याच कॉलेजात मराठी शिकवत होतो. स्टाफरूममध्ये गोंगाट वाढला की मी पेपर तपासायला ग्रंथालयात जाऊन बसायचो, त्यातून ओळख झाली. बाईंचं बोलणं कमी, अक्षर छापल्यासारखं. परत आलेल्या पुस्तकात दुमडलेलं पान सापडलं तर त्या रागवायच्या नाहीत. त्या पोराला समोर उभं करून ते पान नखानं सावकाश सरळ करत बसायच्या. पोरं त्यालाच जास्त भ्यायची.

त्यांचा एक उद्योग कॉलेजात तीन-चार जणांनाच माहीत होता. इंटरनेटवर मराठी ज्ञानकोश आहे, ज्यात कुणीही लेख लिहू शकतं आणि कुणीही तो दुरुस्त करू शकतं, तिथं त्या लिहायच्या. सुरुवात लोंढ्यापासून झाली. वडील रेल्वेत होते, त्यामुळं बाईंचं लहानपण लोंढा जंक्शनच्या क्वार्टरात गेलेलं. मुलीच्या शाळेच्या कामासाठी त्यांनी ज्ञानकोशात लोंढा शोधलं, तर लेखात ते गाव गोव्यात घातलेलं. त्यांनी 'संपादन'वर बोट ठेवलं, गोवा खोडलं, खानापूर तालुका लिहिलं. दुसऱ्या क्षणी ते सगळ्या जगाला दिसायला लागलं. त्या दिवशी आपण ते पान झोपेपर्यंत पुन्हा पुन्हा उघडून बघितलं, असं त्यांनी मला एकदा सांगितलं.

नंतरच्या अकरा वर्षांत त्यांनी साडेचारशे लेख लिहिले. वेदगंगेवरचे बंधारे, बस्त्या म्हणजे जैन मंदिरं, शिलालेख, जत्रा, गावं. लिहायचं ते स्वतःच्या पूर्ण नावानं, टोपणनाव घेऊन नाही. आणि एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. छापील आधार असेल तेच लिहायचं. स्वतःला माहीत आहे म्हणून लिहायचं नाही, कुणाला विचारून तर मुळीच लिहायचं नाही. ऐकीव माहितीला ज्ञानकोशात जागा नाही. त्यांच्या सासरच्या गावातल्या बस्तीचा जीर्णोद्धार कोणत्या साली झाला हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं. पण कुठं छापलेलं नव्हतं, म्हणून त्या लेखात साल नव्हतं. नवीन लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी या नियमावर एक पानभर टिपणही लिहून ठेवलं होतं. ते टिपण पुण्या-नागपूरची माणसंसुद्धा एकमेकांना दाखवायची.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या तोंडावर, ग्रंथालयातल्या शिपाई रुक्माबाई डबा खाताना मोबाईलवर काहीतरी बघून एकट्याच हसत होत्या. ताईंनी विचारल्यावर त्यांनी मोबाईल पुढं केला. गोठ्यात दोन म्हशी शेजारी शेजारी बांधलेल्या, रवंथ करताहेत, आणि त्यांच्या तोंडाच्या हालचालीवर कुणीतरी आवाज बसवलाय. एक म्हैस चंद्री, ती निपाणीच्या मराठीत बोलते. दुसरी गंगव्वा, ती चिक्कोडीच्या कन्नडमध्ये. दोघी आपापल्या भाषा सोडत नाहीत आणि दोघींना एकमेकींचं सगळं समजतं. गंगव्वा सांगते की गावाच्या वेशीवरची पाटी बदलली, अक्षरं बदलली. चंद्री थोडा वेळ चघळते आणि विचारते, "मग पेंड बदलली काय गं?" गंगव्वा म्हणते, "इल्ल," म्हणजे नाही. चंद्री म्हणते, "मग चघळ गप."

ताई हसल्या. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळेला त्यांनीच रुक्माबाईंना मोबाईल काढायला सांगितलं.

'गोठ्यातल्या गप्पा' हे त्या व्हिडिओंचं नाव. दर चार दिवसांनी एक यायचा, दोन-अडीच मिनिटांचा. कोल्हापूरपासून हुबळीपर्यंत लोक बघायचे, लाखांनी. दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत हे उघड होतं, पण माणूस कधी दिसला नाही. कधी वैरण टाकणारा हात दिसायचा, कधी भिंतीवर सावली. नाव कुठंच नव्हतं.

ज्ञानकोशात या व्हिडिओंवर कुणीतरी तीन ओळींचा लेख टाकला होता आणि वर पट्टी लागली होती की आधार नसल्यामुळं लेख वगळावा. ताईंनी तो वाचवायचं ठरवलं. कोल्हापूरच्या दैनिकात आलेला अर्धा स्तंभ, बेळगावच्या एका कन्नड वर्तमानपत्रात आलेला मजकूर, असे दोन-तीन आधार लावून त्यांनी लेख नीट बांधला. पट्टी निघाली. पण कटकट तिथंच सुरू झाली. कुणीतरी पहिल्या ओळीत 'मराठी विनोदी कलाकार' केलं. तासाभरात दुसऱ्या कुणीतरी 'कन्नड' केलं. ताई पुन्हा 'द्वैभाषिक' करायच्या. आठवड्यात हे एकवीस वेळा झालं. दोन्हीकडच्या मंडळींना म्हैस आपली हवी होती.

त्याहून वाईट म्हणजे नावं यायला लागली. एकानं लिहिलं की हा आवाज नाटक कंपनीतल्या एका बाप्याचा आहे. दुसऱ्यानं सांबऱ्याच्या एका शिक्षकाचं नाव, शाळेसकट, लेखात घातलं. त्या बिचाऱ्या शिक्षकाला दोन दिवसांत शंभर फोन गेले, हे ताईंना नंतर बातमीतून कळलं. त्यांनी ते नाव काढलं, पुन्हा कुणी घातलं, पुन्हा काढलं. खरं नाव मिळाल्याशिवाय हे खोटं थांबणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. आज त्या स्वतःच म्हणतात की तेवढंच कारण नव्हतं. कोडं सुटत नाही म्हटल्यावर त्यांना चैन पडत नव्हती.

कॉलेजच्या ग्रंथालयात आसपासची साप्ताहिकं येतात. कुणी वाचत नाही, पण ताई त्यांचे गठ्ठे वर्षावार बांधून ठेवतात. एका शनिवारी त्याच वर्षीच्या एप्रिलचा गठ्ठा चाळताना चौथ्या पानावर त्यांना बोटभर बातमी सापडली. वेदगंगेच्या काठच्या एका गावात भीमजयंतीनिमित्त समाजमंदिरात गुणवंतांचा सत्कार झाला होता. दहावी-बारावीच्या मुलांच्या नावांखाली शेवटी एक वाक्य होतं: मोबाईलवर म्हशींच्या संवादाच्या विनोदी व्हिडिओंसाठी कुमारी सुविधा भीमसेन मधाळे यांना शाल देण्यात आली.

सुविधा हे नाव मी इथं घातलेलं आहे, खरं वेगळं आहे. गावाचं नाव तर देतच नाही.

रुक्माबाईंची भाची त्याच गावात दिलेली. ताईंनी बातमी दाखवली तेव्हा रुक्माबाई म्हणाल्या की भाचीला फोन लावून विचारते, पोरीचा नंबर मिळेल. ताईंनी नको म्हणून सांगितलं. छापलेलं आहे, विचारायची गरज काय? रविवारी सकाळी पूजा आटोपून त्यांनी लेखाच्या चौकटीत खरं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका भरला आणि साप्ताहिकाचा अंक व पान क्रमांक आधार म्हणून जोडला. यजमान अतुलराव पेपर वाचत बसले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, चला, म्हणजे आता भांडण मिटलं. खरंच मिटलं. त्या दिवसानंतर लेखात एकही खोटं नाव आलं नाही.

चार दिवसांत काय झालं ते ताईंना पंधरा दिवस कळलं नाही.

ज्ञानकोशात लिहिलेलं सगळीकडं जातं. मोबाईलवर 'गोठ्यातल्या गप्पा' असं शोधलं की आता सगळ्यात वर सुविधा मधाळे हे नाव यायला लागलं, गावासकट. एका मोबाईल वाहिनीनं 'म्हशींच्या मागचा खरा चेहरा' म्हणून बातमी केली. व्हिडिओंखालची बोलणी बदलली. काल ज्यांना म्हैस आपली हवी होती त्यांतले बरेच गप्प झाले. काहींनी आडनावावरून जे लिहायचं ते लिहिलं. काहींनी मात्र भरभरून कौतुकही केलं, पण तेही आडनावावरूनच.

आणि त्या गावात कलगोंडा पाटलांना समजलं की त्या म्हशी त्यांच्या आहेत.

सुविधाची आई तानीबाई एकोणीस वर्षं पाटलांच्या गोठ्यात शेण काढायला जायची. चौदा जनावरं. सुविधा शिक्षिका होण्याचा कोर्स करून बसलेली, नोकरी नाही. निपाणीत एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला जायची, पण त्याआधी भल्या सकाळी आईच्या हाताखाली गोठ्यात असायची. आई झाडायची तेवढ्या वेळात ती म्हशींचं चित्रण करून घ्यायची. आवाज घरी येऊन, गोधडी डोक्यावर घेऊन भरायची, म्हणजे बाहेरचं काही ऐकू येऊ नये. बौद्धवाड्यात सगळ्यांना माहीत होतं. गावात कुणाला माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टी एका गावात वर्षभर सुखानं चालल्या होत्या.

एका व्हिडिओत चंद्री गंगव्वाला सांगते की आपला मालक डेअरीला दूध घालायच्या आधी त्यात नळ सोडतो. गंगव्वा म्हणते, माझाही. लोक खूप हसले होते, कारण तो मालक कुणाचाही असू शकत होता. आता तो कलगोंडा पाटील झाला. डेअरीवर पोरं विचारायला लागली, "आप्पा, आज चंद्री काय म्हणाली?" पाटील डेअरीच्या कमिटीवर होते.

ताईंना हे कळलं ते पाटलांच्याच तोंडून. जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी ते कॉलेजात आले होते. काम झाल्यावर ग्रंथालय विचारत आले. धोतर, पांढरी टोपी, ताईंप्रमाणेच जैन, अंगानं धिप्पाड, बोलायला अत्यंत नम्र. त्यांच्या भाच्यानं लेखाचा इतिहास उघडून कुणी कधी काय लिहिलं ते दाखवलं होतं, त्यात ताईंचं नाव होतं. पाटलांनी हात जोडले आणि समोरच्या खुर्चीवर बसले.

"तुमी लिहिलासा म्हणून कळलं बघा," ते म्हणाले. "न्हायतर आमच्याच गोठ्यात उभं राहून आमचीच अब्रू काढत हुती पोरगी. तुमी आपल्यातल्याच, म्हणून मुद्दाम सांगायला आलतो. लई उपकार झाले."

ताईंनी विचारलं की मग तुम्ही काय केलंत.

"काय करणार? तानीला म्हटलं, उद्यापासनं येऊ नकोस. भरमू हाय की आमचा, त्यो बघतोय शेणघाण." टोपी सारखी करत ते म्हणाले, "मारलं न्हाय, शिवी दिली न्हाय. आपल्यात तसलं न्हाय."

ताईंनी त्यांना चहा पाजला. आलेल्या माणसाला चहा पाजायचा एवढीच सवय त्या वेळी हाताशी होती, असं त्या म्हणाल्या. पाटील गेल्यावर कप तसाच टेबलावर राहिला. शेवटी रुक्माबाईंनी तो उचलला.

त्याच दुपारी ताईंनी लेखातून नाव आणि गाव काढलं. कारण लिहिलं: व्यक्तीच्या खासगी आयुष्यास धोका. संध्याकाळपर्यंत ते परत आलं होतं. परत आणणारा नागपूरकडचा एक तरुण इंजिनिअर होता. ताई त्याला नावानं ओळखत होत्या, चांगला काम करणारा मुलगा. त्यानं अदबीनं लिहिलं होतं की माहितीला छापील आधार आहे, तो आपणच दिलेला आहे, आधार असलेला मजकूर वैयक्तिक कारणासाठी काढू नये. आणि खाली ताईंच्याच टिपणातली चार वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती.

ताईंनी पुन्हा काढलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा काढल्यावर त्यांच्या नावे ताकीद आली, अकरा वर्षांतली पहिली. मग चर्चेच्या पानावर वाद सुरू झाला. ताईंनी घडलेलं लिहिलं, पण पाटलांचं नाव न घेता, गोठ्याचं न सांगता. त्यामुळं ते मोघम वाटलं. कुणी म्हणालं की प्रसिद्ध माणसाचं नाव ही सार्वजनिक गोष्ट आहे. कुणी म्हणालं की ताईंवर कन्नड संघटनेचा दबाव आलाय, दुसरा म्हणाला मराठी संघटनेचा. एकानं सरळ विचारलं की कलाकार दलित आहे म्हणून नाव लपवायचं आहे का? नाव काढायला निघाल्यावर तसं दिसतं, हे त्यांना तोवर सुचलंच नव्हतं.

शेवटी एका वयस्कर प्रचालकानं, म्हणजे तिथल्या व्यवस्था बघणाऱ्यानं, लिहिलं की त्या व्यक्तीची स्वतःची तशी इच्छा असेल तर विचार करता येईल. तिनं आमच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून कळवाव्यात.

तेव्हा ताई त्या गावाला गेल्या. कॉलेजपासून एसटीनं पाऊण तासाचं अंतर. इतकं जवळ होतं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

बौद्धवाड्यात समाजमंदिराच्या मागं घर होतं. सिमेंटच्या पत्र्याचं, पुढं तुळशीच्या जागी कढीपत्त्याचं झाड. भीमसेन मधाळे दारात बसले होते, तंबाखूच्या वखारीत आयुष्य काढलेला माणूस, छातीत कायम घरघर. ताईंनी कॉलेजचं नाव सांगितल्यावर त्यांनी उठून खुर्ची पुसली. आत भिंतीवर त्या साप्ताहिकाची बातमी प्लास्टिकमध्ये बंद करून लावलेली होती, सुविधाच्या नावाखाली लाल रेघ. ताई तिच्याकडं बघत राहिल्या. त्यांचा आधार तिथं भिंतीवर होता, अंक, तारीख, पान क्रमांक सगळं.

सुविधा घरातच होती. झेरॉक्सवाल्यानं तिलाही सध्या येऊ नको म्हटलं होतं, दुकानासमोर पोरं जमतात म्हणून. तिशीच्या आतली, अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले. ताईंना वाटलं होतं की आवाजावरून ती मोठी, ऐसपैस बाई असणार.

ताईंनी सगळं सांगितलं. लेख मी लिहिला. नाव मी घातलं. आता काढायचंय, त्यासाठी तुमच्या दोन ओळी लागतील. बोलता बोलता त्यांनी मोबाईल काढून तो पत्ताही दाखवला.

पहिल्यांदा भीमसेन बोलले. ते म्हणाले की नाव काढायचं कशाला? चोरी केली नाही. पोरीनं दोन भाषा बोलून चार लोकांना हसवलं, त्यात लपवण्यासारखं काय? "नाव ऱ्हाऊ दे. आमचं नाव कुठं लागलं म्हणून आमाला लाज न्हाय."

सुविधानं बापाला बोलू दिलं. मग ती ताईंकडं वळली.

"नाव वाईट न्हाय माझं," ती म्हणाली. "सांगणार हुते मी. शंभर व्हिडिओ झाले की तोंड दाखवून, नाव सांगून सांगणार हुते. तवर दुसरा गोठा बघून ठेवला असता. आईला तितनं काढलं असतं. कवा सांगायचं ते मी ठरवणार हुते, मॅडम." ताईंच्या हातातल्या मोबाईलकडं बघून ती म्हणाली, "तुमी मला एकदा तरी विचारलासा काय?"

ताईंनी नियम सांगायला सुरुवात केली. ज्ञानकोशात माणसाला विचारून लिहीत नाहीत, छापलेलं बघून लिहितात. अर्ध्या वाक्यात त्यांनाच ते ऐकवेना.

"ते छापलं हुतं आमच्यासाठी," सुविधा म्हणाली. "आमच्या वाड्यातल्या लोकांनी मला शाल दिली, ती आमच्या लोकांनी वाचावी म्हणून."

तानीबाई चुलीशी पाठ करून बसली होती. ताईंसाठी तिनं चहा केला होता आणि कप पुढं ठेवताना घ्यायचं की नाही हे जणू ताईंवर सोडून बाजूला झाली. ताईंनी तो घेतला. घोट गिळताना पाटलांचा कप डोळ्यांपुढं आला, असं त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा पत्राचं विचारलं.

सुविधानं मान हलवली. "आता काढून काय हुणार? सगळीकडं गेलंय. आता काढलं तर म्हणतील, लाजली, भ्याली. मग आबा म्हणतोय तेच खरं, ऱ्हाऊ दे." मग शांतपणे, आवाज न चढवता ती म्हणाली, "तुमाला बरं वाटावं म्हणून मी लिहून द्यायचं काय?"

ताईंनी मोबाईल पर्समध्ये ठेवला. त्या उठल्या, तानीबाईंना नमस्कार केला. भीमसेन एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. वाटेत दम लागून दोनदा थांबले, आणि पोरगी जरा तापट आहे, मनावर घेऊ नका, असं म्हणाले. गाडीत बसल्यावर ताईंना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. शेजारच्या बाईनं तिकिटाचे सुटे मागितले, ते त्यांनी शोधून दिले.

घरी त्यांनी अतुलरावांना सांगितलं. ते म्हणाले की तू खोटं काही लिहिलं नाहीस, कशाला जिवाला लावून घेतेस. अतुलराव सज्जन माणूस आहेत. पण त्यानंतर ताईंनी त्यांच्याशी हा विषय काढला नाही. मला सांगितलं ते वर्षानं, मी निवृत्त होऊन कॉलेजात काही कामासाठी गेलो तेव्हा.

ताईंनी चर्चेच्या पानावर लिहिलं की व्यक्तीची विनंती नाही, वाद मिटला असे समजावे. नाव तिथंच राहिलं. आपलं टिपण मात्र त्यांनी बदलायला घेतलं. जिवंत माणसाबद्दल लिहिताना छापलेलं आहे एवढं पुरेसं नाही, कुणासाठी छापलं आहे तेही बघावं, अशा अर्थाचं वाक्य घातलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते काढून टाकलं. मोघम आहे, असं कारण दिलेलं होतं.

तानीबाईला पुढं पाटलांनी परत बोलावलं. भरमूला एकट्याला चौदा जनावरं झेपेनात. ती गेली नाही. दिवाळीनंतर मायलेकी बेळगावला गेल्या. खडेबाजारजवळ रक्त तपासायच्या लॅबमध्ये सुविधाला नोंदणीच्या टेबलावर काम मिळालं, मराठी-कन्नड दोन्ही येतं म्हणून. भीमसेन गावातच राहिले. घर सोडायचं म्हटलं की ते समाजमंदिरात जाऊन बसायचे. पाटलांच्या भाच्यानं त्याच म्हशींचे व्हिडिओ करून बघितले, दुसऱ्या पोराचा आवाज लावून. पाच-सहा केले. कुणी बघितले नाहीत. सुविधाची वाहिनी तशीच आहे, शेवटचा व्हिडिओ ब्याण्णवावा. त्याच्याखाली अजून लोक विचारतात, चंद्री कुठं गेली?

ताई आता नवीन लेख लिहीत नाहीत. रोज सकाळी दहाला ग्रंथालय उघडलं की आधी तो एक लेख उघडतात. कुणी काही घाण लिहिली असेल तर काढतात. बहुतेक दिवस काही नसतं. आडनावावरून कुणी लिहिलं असेल तर ते काढून टाकल्यावर त्यांचा पुढचा तासभर जातो, वर्तमानपत्रांच्या नोंदी चुकतात. रुक्माबाई म्हणतात, मॅडम, नका बघू की. त्या बघतात.

मागच्या मार्गशीर्षात ताई सासूबाईंचं रक्त तपासायला बेळगावला गेल्या होत्या. टेबलाशी सुविधा होती, हे त्यांना आत गेल्यावरच समजलं. सुविधानं नाव, वय, पत्ता लिहून घेतला, सासूबाईंशी कन्नडमध्ये दोन शब्द बोलली. चिक्कोडी माहेर असलेली ती म्हातारी लगेच खुलली. नमुना देऊन सासूबाई बाकावर टेकल्या तेव्हा ताई टेबलाशी आल्या.

"अजून बघतासा काय ते पान?" सुविधानंच विचारलं, कागदावरची नजर न काढता.

"रोज."

सुविधानं पुढच्या माणसाचा फॉर्म ओढून घेतला. ताईंना आणखी एक विचारायचं होतं. लेखाच्या चौकटीत फोटोची जागा रिकामी होती. त्यांनी विचारलं, तिथं फोटो लावला तर चालेल का? नाव आहेच, तर चेहराही तुमच्या पसंतीचा असावा.

"नको," सुविधा म्हणाली. मग फॉर्मवर शिक्का मारून, "विचारलासा, बरं केलासा. पर नको."

फेब्रुवारीत कुणीतरी मोबाईल वाहिनीच्या बातमीतून तिचं चित्र काढून त्या चौकटीत लावलं. घराच्या दारात उभी, हात आडवा करून चेहरा झाकू बघणारी. ताईंनी ते सकाळी दहाला बघितलं आणि काढायला हात पुढं केला. कारणाच्या जागी काय लिहावं या विचारात त्यांनी दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. तेवढ्यात पान पुन्हा उघडून बघितलं तर चित्र गेलेलं होतं. नागपूरच्या त्या मुलानंच ते काढलं होतं. कारण लिहिलं होतं: चित्राचे हक्क वाहिनीकडे आहेत, परवानगी नाही.